एमजीबी की पहिली एमएक्स-५? जुनी स्पोर्ट्स कार पाहायला जाताना

ब्रिटनमध्ये परवडणारी, उघड्या टपाची जुनी गाडी शोधणाऱ्यांची गाडी बहुधा या दोघींपाशी अडते: ब्रिटिश एमजी कंपनीची एमजीबी (१९६२–८०) आणि पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ (१९८९–९७). शनिवार-रविवार ग्रीस आणि पान्यांत घालवायला आवडत असेल तर एमजीबी, नुसती चालवायची असेल तर माझदा. दोन्हींचे सुटे भाग सहज मिळतात, त्यामुळे इंजिनाचं फार मनावर घेऊ नका. पैसे बुडतात ते गंजात.

एमजीबीला वेगळी चासी नाही. सगळा भार दरवाजाखालच्या सिलवर, म्हणजे तिथल्या लांब पत्र्याच्या पेटीवर, आणि ती आतली, मधली, बाहेरची अशा थरांची. बाहेरची चकाचक नवी सिल कुजलेल्या आतल्या भागावर डकवलेली असू शकते. दरवाजे बंद ठेवून जॅकच्या जागेवरून एक बाजू उचला. दरवाजाची फट बदलली, दरवाजा अडकला किंवा खालून कुरकुर ऐकू आली, तर तिथूनच नमस्कार करा. मूळ सिल पुढच्या मडगार्डच्या आतपर्यंत जाते. म्हणजे नीट काम करायचं तर मडगार्डची खालची कड कापावी लागते. विक्रेत्याकडे वेल्डिंग चालू असतानाचे फोटो मागा. 'सिल नव्या टाकल्यात' एवढ्या शब्दावर भागत नाही.

बाकी तपासणी सोपी. इंजिन गरम झाल्यावर धावत्या गाडीत ऑइल प्रेशर ५० पीएसआयच्या (दाबाचं एकक) वर हवं. तारांची चाकं असतील तर चाक उचलून, कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक हलवून पाहा. खटखट झाली की चाक आणि हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांना जोडणारे दाते झिजलेत, आणि मग दोन्ही बदला. किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) नियमित ग्रीस मिळालं नसेल तर तोही खर्च धराच.

माझदात गंज मागच्या चाकापुढे, सिलच्या टोकाला. टपावरचं पाणी सीटमागच्या कोपऱ्यांतल्या निचऱ्याच्या भोकांतून खाली जातं. ती पाल्याने बुजली की पाणी आत मुरतं. दोन्ही बाजूंना हळूहळू पाणी ओता. ते मागच्या चाकापुढे जमिनीवर पडायला हवं. तिथल्या पत्र्यावर चुंबक धरला नाही, तर खाली पुट्टी आहे.

माझदाच्या १९९१च्या मध्यापर्यंतच्या १.६ लिटर इंजिनात क्रँकच्या (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) टोकाला पुली पक्की धरणाऱ्या लोखंडी चावीची खाच झिजते. पुढच्या पुलीत चार खाचा म्हणजे हे जुनं टोक, आठ म्हणजे सुधारलेलं. चालू इंजिनात पुली डगमगत असेल तर सौदा सोडा. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा पट्टा) ६०,००० मैलांना बदलतात. तुटला तरी या इंजिनात व्हॉल्व्ह सहसा वाकत नाहीत.

कागदांतही फरक आहे. माझदाचा एमओटी (ब्रिटनमधली गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी) इतिहास गाडीचा नंबर टाकला की ऑनलाइन फुकट दिसतो; 'सिल गंजली' असा शेरा तीन वर्षं येऊन अचानक गायब झाला असेल, तर वेल्डिंगचं बिल मागा. एमजीबी चाळीस वर्षांपुढची, म्हणून तिला एमओटी सक्तीची नाही. इतिहास कोरा असू शकतो. तेव्हा पैसे देण्याआधी स्वतंत्र एमओटी करून द्यायला विक्रेता तयार आहे का, ते विचारा.