एका शब्दापाशी थांबणाऱ्यांसाठी: शिकागोचे ऑनलाइन मराठी कोश

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें’ या ओळीत ‘कौतुकें’ म्हणजे नेमके काय? आज कौतुक म्हटले की आपल्याला शाबासकी किंवा लाड आठवतात; जुन्या भाषेत त्यात नवल आणि खेळ हेही अर्थ होते, आणि ते लक्षात घेतले की अमृताशी पैज लावणाऱ्या त्या अभिमानाला खेळकरपणाची झाक येते. संगणकाने हजारो पाने एकदम मोजण्याच्या आजच्या काळात एकाच शब्दापाशी असे रेंगाळणे मला तितकेच महत्त्वाचे वाटते. शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ या संकेतस्थळाने त्याची मोठी सोय केली आहे, तीही विनामूल्य.

येथे मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश आहे. 1831 च्या पहिल्या आवृत्तीतील सुमारे 40,000 शब्द दुसऱ्या आवृत्तीत सुमारे 60,000 झाले होते. शब्द संस्कृत, फारसी की अरबी, हे तेथे एका अक्षरी खुणेने कळते. शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोशही आहे. पण माझा सर्वाधिक वेळ जातो तो दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात. अर्थापुढे ‘ज्ञा’ असा संक्षेप आणि अध्याय-ओवीचा आकडा दिसला की कोश मिटून सरळ ज्ञानेश्वरी उघडावी, संदर्भ ताडून पाहावा आणि मगच अर्थ स्वीकारावा. कोशकारांनी वाचकासाठी ठेवलेली ही वाट फार मोलाची आहे. शिवाय केवळ मुख्य शब्दच नव्हे, तर संपूर्ण मजकूर शोधता येत असल्यामुळे एखादा शब्द इतर कोणकोणत्या नोंदींच्या स्पष्टीकरणात आला आहे, हेही पाहता येते. छापील खंडात हे जवळजवळ अशक्य होते.

शोधताना एक पथ्य पाळावे. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे कोश 1962 च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे असल्याने त्यांत ‘करणे’ नव्हे, ‘करणें’ आहे. म्हणून शब्द सापडला नाही तर अनुस्वार देऊन पुन्हा पाहावे. मोल्सवर्थच्या नोंदी वाचताना अधिक सावध असावे, कारण त्या इंग्रज अधिकाऱ्यांनी शास्त्रीमंडळींच्या मदतीने रचल्या आहेत आणि जातींविषयीच्या शब्दांत त्या काळाची नजर स्पष्ट उमटली आहे. अशा शब्दांसाठी मी दाते-कर्वेही उघडतो आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचतो.