चार्टर शाळा, सप्टेंबर ते मे: शिकवणे उत्तम, पण दोन मैलांचे काय?

गेल्या आठवड्यात डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे शहरातील सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या, वाहतूक कार्यालयाचे शेवटचे पत्र हाती आले आणि मुलाच्या चार्टर शाळेतील पहिल्या वर्षाचा हा अनुभव आता लिहून काढावा असे ठरवले. चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, फी नसलेली, पण डिस्ट्रिक्टच्या कारभाराबाहेरची शाळा, हे येथील बहुतेक पालकांना ठाऊक आहे. अशा शाळांचा पहिला कायदा मिनेसोटात १९९१ साली झाला, न्यू जर्सीत त्या १९९५ च्या कायद्याने आल्या, हेही पुष्कळांनी वाचलेले असते. त्यामुळे माहितीपत्रकात जे छापलेले असते ते मी पुन्हा लिहीत नाही. मूल तेथे रोज पोहोचणार कसे, हे मात्र त्या पत्रकात नसते आणि माझा सगळा राग त्यावरच आहे.

आम्ही उत्तर न्यू जर्सीत, पॅलिसेड्सच्या कड्यावर वसलेल्या एका दाट वस्तीच्या शहरात भाड्याने राहतो. यजमान गोदामात काम करतात, मी किराणा दुकानात सकाळच्या पाळीत असते आणि घरात गाडी एकच आहे, जी यजमानांबरोबर पहाटेच निघून जाते. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात शाळेचा विषय निघाला की एडिसनकडे किंवा प्लेन्सबरोकडे, म्हणजे चांगल्या शाळांच्या उपनगरांत, घर घ्या, प्रश्नच मिटेल, असा सल्ला हमखास मिळतो. तो देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण येथे शाळेचा दर्जा घराच्या किमतीला आणि घरपट्टीला बांधलेला असल्यामुळे, त्या सल्ल्याचा खरा अर्थ आधी पैसे मिळवा आणि मग मुलाला शिकवा, एवढाच होतो. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ॲबट विरुद्ध बर्क या खटल्यात १९९० साली गरीब शहरांतील मुलांवर श्रीमंत उपनगरांइतका खर्च झालाच पाहिजे असे ठरवले आणि त्या निकालांच्या कक्षेत आलेल्या ३१ डिस्ट्रिक्टांमध्ये आमचे शहर मोडते. पैसा त्यामुळे आला, हे खरे आहे. तो प्रत्येक वर्गात सारखा झिरपला, असे मात्र म्हणता येत नाही.

आमच्या मुलाला वाचता येत नव्हते. तो हुशार आहे, गणित तोंडी पटापट करतो, पण ओळ समोर आली की अक्षरे त्याला दाद देत नसत. घरची भाषा मराठी असल्यामुळे आधीच्या शाळेने त्याला इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या गटात घातले आणि त्यानंतर त्याच्या प्रत्येक अडचणीचे खापर मराठीवर फोडण्यात आले. डिस्लेक्सियाची (वाचन-अक्षमतेची) लक्षणे दिसणाऱ्या मुलांची दुसरीच्या पहिल्या सत्राअखेरपर्यंत तपासणी झाली पाहिजे, असा कायदा या राज्यात २०१४ पासून आहे. मी तो दाखवला तेव्हा इंग्रजी पक्के झाल्यावर पाहू, असे उत्तर मिळाले. तोपर्यंत चौथी संपत आली होती.

चार्टरकडे वळण्यापूर्वी दुसरे मार्ग पाहिले. एका डिस्ट्रिक्टमधून दुसऱ्यात मूल पाठवण्याची सरकारी योजना न्यू जर्सीत २०१० पासून कायम झाली आहे, परंतु राज्य जागांना मर्यादा घालते आणि आमच्या अंतरात पाचवीची जागा नव्हती. काउंटीच्या व्होकेशनल (व्यवसाय-शिक्षणाच्या) शाळा नववीपासून आणि तेथे निवड गुणांवर होते, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी दार बंदच. खासगी शाळेच्या फीसाठी सरकारी पैसा, म्हणजे व्हाउचर, या राज्यात नाही. ओहायोतील नातेवाईकांनी ऑनलाइन शाळा सुचवली, पण त्याच राज्यातील सर्वांत मोठी ऑनलाइन चार्टर जानेवारी २०१८ मध्ये वर्षाच्या मधोमध बंद पडून हजारो मुले रस्त्यावर आली होती, हे वाचल्यावर तो विषय आमच्या घरी पुन्हा निघाला नाही.

चार्टरच्या प्रवेशाची लॉटरी (सोडत) झाली, आमचा क्रमांक वेटलिस्टवर लागला आणि ऑगस्टमध्ये जागा निघाली. साताऱ्याला माझ्या बहिणीने मुलीसाठी आरटीईच्या पंचवीस टक्क्यांतून अर्ज भरला होता. तेथे घरापासून एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी आणि तीन किलोमीटरपर्यंतच्यांना नंतर प्राधान्य मिळते. त्या नियमावर आम्ही दोघी बहिणी फोनवर तासन्‌तास चिडलो होतो. आता मला वाटते, त्या नियमात निदान अंतर हा प्रवेशाचाच भाग आहे, हे मान्य केलेले असते. आमच्या लॉटरीत संपूर्ण शहर एकाच टोपलीत होते आणि जागा मिळाल्यावर कसे यायचे ते तुमचे तुम्ही पाहा, असा मामला होता.

आधी शिकवण्याबद्दल लिहिते, कारण ते न लिहिणे अन्यायाचे होईल. माझी अपेक्षा बेताची होती. स्टॅनफर्डच्या क्रेडो केंद्राचा २०२३ चा अहवाल मी वाचला होता. चार्टरमधील मुलांची वाचनातील प्रगती एरवीच्या मुलांपेक्षा वर्षाला १६ दिवसांच्या शिक्षणाइतकी अधिक आणि गणितातील ६ दिवसांइतकी, असे त्यात म्हटले आहे. गरीब कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांना त्याहून अधिक फायदा दिसतो. विशेष गरजा असलेली मुले मात्र चार्टरमध्ये मागे पडताना दिसतात आणि आमचा मुलगा नेमका त्याच गटातला. प्रत्यक्षात घडले ते उलट. शाळेच्या वाचन-शिक्षिकेने पहिल्याच महिन्यात मला बोलावून मूल्यमापनाच्या संमतीपत्रावर सही घेतली. संमतीनंतर ९० दिवसांत मूल्यमापन पुरे करून मदत सुरू व्हावी, असा राज्याचा नियम आहे आणि तो येथे पाळला गेला. मानसशास्त्रज्ञ, अध्ययन-अक्षमता तज्ज्ञ आणि समाजसेविका अशी चाइल्ड स्टडी टीम बसली, आयईपी (मुलासाठीचा वैयक्तिक शिक्षण आराखडा) तयार झाला आणि डिसेंबरपासून त्याला रोज छोट्या गटात ध्वनी, अक्षरगट आणि शब्दांचे तुकडे पाडून शिकवणे सुरू झाले. हे काम कंटाळवाणे असते आणि ते रोज करावे लागते. त्या बाईंनी ते एकही दिवस टाळले नाही. मार्चमध्ये त्याने एक सरकारी पत्र मोठ्याने, तुकड्या-तुकड्याने, पण कुणाच्याही मदतीशिवाय वाचून दाखवले. ते वाहतूक कार्यालयाचे, आम्ही बससाठी अपात्र असल्याचे पत्र होते.

आता त्या पत्राकडे येते.

न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाचे घर शाळेपासून दोन मैलांहून अधिक दूर असेल, आणि नववीपासून पुढे अडीच मैलांहून, तर डिस्ट्रिक्टने त्याच्या वाहतुकीची सोय केली पाहिजे. शहरातल्या चार्टर शाळेत जाणाऱ्या मुलालाही हा हक्क आहे आणि ती जबाबदारी चार्टरवर नसून डिस्ट्रिक्टवर आहे. अंतर मोजण्याची पद्धतही ठरलेली आहे: घराच्या जवळच्या सार्वजनिक दारापासून शाळेच्या जवळच्या सार्वजनिक दारापर्यंत, सार्वजनिक रस्त्याने किंवा पायवाटेने, सर्वांत जवळचा मार्ग. गाडीने मोजले तर आमचे अंतर दोन मैलांच्या बरेच पुढे जाते. कार्यालयाने मोजलेला मार्ग कड्यावरून खाली उतरणाऱ्या सार्वजनिक जिन्याने जातो आणि शाळेच्या मागच्या फाटकाशी संपतो. तेवढ्या कसरतीने तो दोन मैलांच्या आत, अगदी काठावर बसतो.

तो जिना मी पाहिलेला आहे आणि वाचकांपैकी हडसन काउंटीत राहणाऱ्यांनी तसे जिने पाहिले असतील. उन्हाळ्यात संध्याकाळी फिरायला छान आहे. जानेवारीत त्याच्या पायऱ्यांवर बर्फाचा थर असतो, पालिकेचे मीठ तेथे सर्वांत शेवटी पोहोचते आणि दहा वर्षांच्या मुलाने दप्तर घेऊन सकाळच्या अंधुक उजेडात तेथून एकट्याने उतरावे, असे कोणत्याही आईला वाटणार नाही. नियमात चढ, बर्फ किंवा अंधार यांचा विचार अंतरासाठी होत नाही, असे मला सांगण्यात आले. धोकादायक रस्त्यासाठी सौजन्य म्हणून बस देण्याची मुभा डिस्ट्रिक्टला असते, पण ती मुभा आहे, सक्ती नाही.

पण फाटकाचे काय? शाळेचे मागचे फाटक सकाळी कुलूपबंद असते. सुरक्षेसाठी सर्व मुलांनी पुढच्या दारानेच आत यायचे, असा शाळेचाच नियम आहे. पुढच्या दारापर्यंत मोजले तर इमारतीला वळसा पडतो आणि अंतर दोन मैलांच्या पलीकडे जाते. ज्या दाराने कोणालाच आत जाता येत नाही ते सार्वजनिक दार कसे, एवढाच माझा प्रश्न होता. तो मी पत्राने विचारला, फोनवर विचारला आणि खिडकीशी उभी राहूनही विचारला. कार्यालयाचे म्हणणे, फाटक सार्वजनिक नाही असे शाळेने लेखी द्यावे. शाळेचे म्हणणे, अंतर ठरवणे हे डिस्ट्रिक्टचे काम आहे. शाळा कचरत का होती, हे मला उशिरा उमगले. चार्टरकडे येणारा पैसा डिस्ट्रिक्टच्याच हातून येतो, ठरावीक बाबींच्या दरडोई खर्चाच्या साधारण ९० टक्के, आणि इमारतीसाठी वेगळे काही मिळत नाही. जुन्या चर्चच्या भाड्याच्या इमारतीत चालणारी शाळा एका फाटकासाठी त्या लोकांशी वाकडे कशाला घेईल?

दरम्यान आमचा महिना कसा गेला, तेही सांगते. शेजारच्या कुटुंबाबरोबर मिळून एका खासगी व्हॅनवाल्याला पैसे देत होतो. हिमवर्षावाच्या दिवशी तो येत नसे, तेव्हा टॅक्सी, किंवा मी पाळी बदलून सार्वजनिक बसने त्याला पोहोचवत असे. फेब्रुवारीत हा खर्च आमच्या विजेच्या बिलाहून जास्त झाला. शाळा फुकट आहे असे मला कोणी सांगितले की मी हा हिशेब पुढे करते.

शिस्तीबद्दलचे माझे मत मध्येच बदलले आहे आणि ते निम्मेच बदलले आहे. शर्ट खोचलेला नसला की डेमेरिट (शिस्तभंगाची नोंद), कॉरिडॉरमध्ये बोलले की डेमेरिट, हे मला सुरुवातीला तुरुंगासारखे वाटले आणि ऑक्टोबरमध्ये मी तसे मुख्याध्यापिकांना सांगितलेही. पण आधीच्या शाळेत गोंगाटामुळे ऐकूच येत नाही असे सांगणारा मुलगा येथे वर्गात पाठ ऐकू लागला, त्यामुळे शांततेविषयीची माझी तक्रार मी मागे घेतली. उशिराच्या डेमेरिटविषयीची तक्रार कायम आहे. व्हॅन उशिरा आली की शिक्षा मुलाला आणि तीन उशिरांनंतर शाळा सुटल्यावर थांबावे लागे, म्हणजे परतीची व्हॅनही चुकायची. मुलाला वेळेवर आणण्याची सोय जी शाळा करत नाही, तिने उशिराचा दंड मुलाकडून वसूल करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एप्रिलमध्ये आयईपीच्या बैठकीत वाचन-शिक्षिकेने हा मुद्दा स्वतःहून काढला आणि वाहतुकीमुळे होणारा उशीर आमच्या बाबतीत माफ झाला. इतर मुलांच्या बाबतीत तो अजून माफ झालेला नाही.

डिस्ट्रिक्टविषयीही मी वर जे लिहिले तेवढ्यावर थांबणे बरोबर नाही. धाकटी मुलगी त्याच डिस्ट्रिक्टच्या बालवाडीत आहे. ॲबट निकालांमुळे या शहरांत तीन आणि चार वर्षांच्या मुलांना पूर्ण दिवसाची मोफत बालवाडी मिळते, वर्गात पंधराहून जास्त मुले नसतात आणि शिक्षिकेबरोबर मदतनीसही असते. एडिसनच्या आमच्या परिचितांनी अशाच बालवाडीसाठी जे पैसे मोजले ते ऐकून यजमान गप्पच झाले. ती बालवाडी पायी पाच मिनिटांवर आहे आणि तेथे मला एकदाही कुणाशी भांडावे लागलेले नाही. ज्या मुलांची शाळा बदलली नाही, त्यांच्या वर्गाचा पैसा आमच्या मुलाबरोबर चार्टरकडे गेला, हा आरोपही मी शेजाऱ्यांकडून ऐकला आहे. त्यांची मुले जेथे आहेत तेथील वाचन-शिक्षिकेची जागा यंदा भरलीच गेली नाही. त्यांच्या आरोपाला माझ्याकडे उत्तर नाही.

शाळेने अखेर एप्रिलच्या शेवटी, फाटक केवळ सामानासाठी वापरले जाते, असे एका वाक्याचे पत्र दिले. पुनर्मोजणी झाली आणि गेल्या आठवड्यातील पत्राप्रमाणे आम्ही पुढील वर्षासाठी पात्र ठरलो आहोत. मात्र पिवळी बस मिळणार नाही. आमच्या भागातून त्या शाळेत जाणारी पात्र मुले कमी असल्यामुळे सार्वजनिक बसचा पास मिळेल. त्या बसने जाताना मध्ये एकदा उतरून दुसरी बस घ्यावी लागते. दहा वर्षांच्या मुलाबरोबर पास नसलेली आई तिकीट काढून जाणार असेल, तर आमची बचत नेमकी किती, हे मी अजून कागदावर मांडलेले नाही. मोठ्या माणसाच्या सोबतीचे तिकीटही मिळावे म्हणून अर्ज केला आहे.

शिकवण्याला पाचपैकी साडेचार, वाहतुकीला एक, आणि तो एकही शाळेच्या त्या एका वाक्याच्या पत्रासाठी. ज्यांच्याकडे दुसरी गाडी आहे किंवा ज्यांचे घर शाळेजवळ आहे, त्यांनी विशेष गरजा असलेल्या मुलासाठी अशा शाळेचा विचार जरूर करावा, मात्र वाचन-शिक्षिका कोण आणि आयईपीची मुले किती, हे आधी भेटून विचारावे. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी लॉटरीचा अर्ज भरण्याआधी डिस्ट्रिक्टकडून अंतर लेखी मोजून घ्यावे आणि ते शाळेच्या कोणत्या दारापर्यंत मोजले, हे त्यात लिहून घ्यावे. जागा मिळाल्यावर हे विचारले तर नकाराची पत्रे गोळा करण्यात अख्खा हिवाळा जातो. भावंडांना लॉटरीत प्राधान्य असल्यामुळे धाकटीच्या नावाने अर्जाची सोय आम्हाला आहे, पण ती बालवाडी संपवून पायी जाण्याच्या अंतरावरील शाळेतच जाईल, असे सध्या ठरले आहे.