सीपी चेअर, आठ महिन्यांनंतर: खुर्ची ठीक, पट्टा चुकीच्या जागी

लाकडी सीपी चेअरला, म्हणजे सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या मुलाला आधार देऊन बसवायच्या खुर्चीला, ट्रे, पायपाटी, मांड्यांमधला ठोकळा असतोच, त्याची माहिती नको. सांगायचंय ते कमरेच्या पट्ट्याचं. निम्मा त्रास त्यानेच दिला.

पट्टा पाठीच्या फळीतून, पोटाच्या उंचीवर काढलाय. मूल ताठरलं की कंबर पुढे घसरते, पट्टा वर चढून बरगड्यांखाली रुततो आणि मूल माकडहाडावर बसतं. पाठीला पोक येतो, मान मागे पडते. त्या मानेने वरण-भात भरवला की ठसका लागतो. मग घसरू नये म्हणून ठोकळा जांघेत दाबला जातो, तेही चूक. ठोकळ्याचं काम गुडघे लांब ठेवणं. तो गुडघ्यांजवळच हवा.

पहिले दोन महिने खुर्चीच टाकाऊ वाटली. ते मत मागे घेतो. बैठक आणि पाठ मिळते तिथून किंचित पुढे, बैठकीच्या कडांना पट्टा हलवला. आता तो बैठकीशी ४५ ते ६० अंशांच्या कोनात, मांडी मुडपते तिथून जातो. दीड इंची नायलॉन पट्टी, दप्तराचं बकल, आरपार दोन नटबोल्ट आणि मोठे वॉशर. स्क्रू नको, प्लायवूडमधून उपटतो. गादीकव्हर शिवणाऱ्याने दीडशे रुपयांत करून दिलं; कंपनी मात्र 'आहे तसंच वापरा' म्हणत राहिली! व्हेलक्रोही नको. त्यात सुताचे धागे भरतात आणि पकड जाते.

बसवताना कंबर पूर्ण मागे टेकवा, आधी पट्टा, मग पाय, शेवटी ट्रे. पट्ट्याखाली दोन सपाट बोटं जावीत.

तरीही घसरत असेल तर बैठकीची खोली बघा. गुडघ्यामागे दोन बोटं जागा हवी; नसेल तर पाठीमागे कडक फोम घाला, मऊ उशी दबते. मांडीमागचे स्नायू आखडलेले असतील तर पायपाटी मागे घ्या. पाय पुढे राहिले की तेच स्नायू कंबर ओढतात. या खुर्चीत पाटीला दोनच खाचा आहेत, म्हणून तिसरी सुताराकडून पाडावी लागली.

जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात रेक्झिन असह्य होतं. जुन्या सुती लुगड्याची दुहेरी घडी घाला, पण सुरकुती नको. एका वेळी अर्धा-पाऊण तास पुरे. उठवल्यावर लाली अर्ध्या तासात गेली नाही तर थेरपिस्टला दाखवेपर्यंत खुर्ची बंद ठेवा.