अनुप्रास की यमक?

‘काखेत कळसा, गावाला वळसा.’ चार शब्दांच्या या म्हणीत दोन्ही अलंकार आहेत. काखेत–कळसा हा ‘क’चा अनुप्रास, कळसा–वळसा हे यमक. दोघांची कामं मात्र वेगळी.

यमक ओळीच्या शेवटी थांबून पुढच्या ओळीला हाक मारतं, त्यामुळे पाठांतर सोपं होतं. ‘मोठा अभंग’ या छंदात ६-६-६-४ अक्षरांचे चार चरण असतात. दुसरा-तिसरा यमकाने जुळतो आणि चौथा आखूड चरण मोकळा सुटतो. तो सुटका झाल्यासारखा क्षण मला फार प्रिय आहे. पण यमकाचा सोस वाढला की अर्थ त्याच्यामागे फरफटतो. जुने मराठी कवी वामन पंडित यांना ‘यमक्या वामन’ म्हणत, त्यात कौतुक होतं आणि टोचणीही.

अनुप्रास ओळीच्या पोटात राहतो. ‘साळीवरून सरसर सर सरकली’ म्हणताना ‘स’ आणि ‘र’ पावसाचा आवाजच करतात. ‘भातावर पाऊस पडला’ यात नुसती बातमी मिळते. गद्यातही अनुप्रास खपून जातो, यमक तिथे पटकन खटकतं.

गाण्यासाठी, ओवीसाठी मी यमकच निवडेन. चित्र उभं करायचं असेल तर अनुप्रास, तोही एखाद्याच ओळीत.