मेसा, पाचेको की आंग्लादा? क्युबाच्या बेसबॉलमध्ये कोणाचं बोट धरून शिरावं

क्युबाचं बेसबॉल समजून घ्यायचं ठरवून कोणी बसलं, की तासाभरातच पंचाईत होते. नावं फार. त्यातही आधी खेळाडू म्हणून देश गाजवलेल्या आणि मग मॅनेजर झालेल्यांची तर रांगच आहे. सगळ्यांच्या मागे लागलात तर एकही धड कळत नाही. म्हणून माझा सल्ला असा की एकच कारकीर्द पकडा आणि तिच्या मागे मागे जा. त्यासाठी तीन नावं समोर ठेवतो: व्हिक्तोर मेसा, अंतोनियो पाचेको आणि रेय व्हिसेंते आंग्लादा.

त्याआधी क्रिकेटवाल्यांसाठी दोन गोष्टी. आपल्याकडे संघाचा मॅनेजर म्हटलं की तिकिटं, हॉटेल, सामानाच्या बॅगा. बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे कप्तान आणि कोच एकाच अंगात. खेळाडूंसारखाच गणवेश घालून तो डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेला संघ बसतो तिथे, उभा असतो. पिचर (चेंडू टाकणारा) कधी काढायचा, बेस कोणी चोरायचा (पिचरची नजर चुकवून पुढच्या बेसवर पळायचं), बंट कोणी करायचा (जोरात न मारता चेंडू नुसता पुढ्यात टाकायचा), सगळं त्याच्या खुणेवर. हरलं की शिव्याही त्यालाच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. क्रांतीनंतर क्युबात व्यावसायिक खेळ बंद झाला आणि १९६२ पासून नॅशनल सिरीज सुरू झाली. खेळाडू कागदोपत्री हौशी, आणि खेळायचं ते आपल्या प्रांताकडून. लिलाव नाही, खरेदी-विक्री नाही. व्हिया क्लाराचा पोरगा व्हिया क्लाराकडून, सांतियागोचा सांतियागोकडून. रणजीचे जुने दिवस आठवा, तसंच काहीसं, पण त्याहून कडक. (२०१२-१३ पासून बाद झालेल्या संघांतले काही खेळाडू पुढच्या टप्प्यात उसने घेता येऊ लागले, तेवढीच ढील.) म्हणजे मॅनेजरला पत्ते निवडता येत नाहीत. प्रांताने जे वाटले तेच घेऊन खेळायचं. या तिघांची तुलना करताना नुसती विजेतेपदं मोजली तर पाचेको तीन, आंग्लादा तीन, मेसा शून्य असा हिशोब होतो आणि लेख इथेच संपतो. पण कोणाच्या हाती कुठले पत्ते आले होते, ते बघितल्याशिवाय या आकड्यांना अर्थ नाही.

मेसा १९६० चा, व्हिया क्लाराचा. सेंटर फील्डर, पाठीवर ३२ नंबर. संघाचा रंग नारिंगी, म्हणून त्याचं नाव पडलं ‘नारिंगी स्फोट’. दुसरं टोपणनाव थेट ‘एल लोको’, म्हणजे वेडा. बेसवर पोचला की समोरच्या पिचरची झोप उडायची, इतका तो धावायला उतावीळ. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये क्युबाने एकही सामना न हरता सुवर्ण जिंकलं, त्या संघात तो होता. मॅनेजर झाल्यावर तो शांत झाला असेल असं वाटत असेल, तर विसरा. डगआउटमध्ये येरझाऱ्या, हातवारे, पंचांशी हुज्जत, स्वतःच्याच खेळाडूवर भर मैदानात आरडाओरडा. त्याचा सामना बघताना अर्ध्या वेळी कॅमेरा चेंडूवर नसतोच, त्याच्यावर असतो.

व्हिया क्लाराला घेऊन तो २००३ आणि २००४, अशा लागोपाठ दोन अंतिम फेऱ्या खेळला. दोन्ही हरला, दोन्ही वेळा हवानाच्या इंदुस्त्रियालेसकडून. इंदुस्त्रियालेसच्या डगआउटमध्ये तेव्हा आंग्लादा होता.

मग २०११ साली त्याने मातान्सास घेतलं. हा संघ वर्षानुवर्षं तळाशी पडून होता. प्रांताचं शेवटचं विजेतेपद १९९१ चं, तेही एनेकेनेरोस नावाच्या जुन्या संघाचं. मेसाने पहिल्याच हंगामात त्यांना प्लेऑफमध्ये नेलं. ज्या स्टेडियममध्ये कोणी फिरकत नव्हतं तिथे बसायला जागा मिळेना. २०१३ मध्ये अंतिम फेरी, २०१४ मध्ये पुन्हा अंतिम फेरी. आणि पुन्हा दोन्ही पराभव.

यातला २०१३ चा पराभव मुद्दाम सांगण्यासारखा. त्या वर्षी मार्चमध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशोदेशींच्या स्पर्धेसाठी राष्ट्रीय संघ मेसाकडे होता. संघ निवडताना त्याने आरिएल पेस्तानोला, देशाच्या अनुभवी कॅचरला (आपल्या यष्टिरक्षकासारखा, बॅटरमागे बसणारा), बाहेर ठेवलं. पेस्तानो व्हिया क्लाराचा, मेसाच्याच गावकुसातला म्हणा ना. क्लासिकमध्ये क्युबाने पहिल्या फेरीत जपानला ६-३ हरवलं तेव्हा सगळं छान चाललं होतं. पण दुसऱ्या फेरीत टोकियोमध्ये नेदरलँड्सने त्यांना दोनदा हरवलं. दुसरा सामना तर आठव्या इनिंगमध्ये ६-४ असा हातात होता. आंद्रेल्टन सिमन्सच्या होमरनने (आपल्या षटकारासारखा, थेट मैदानाबाहेरचा फटका) बरोबरी झाली आणि शेवटच्या, नवव्या इनिंगमध्ये ७-६ ने संपलं. मेसा घरी परतला, मातान्सासला घेऊन अंतिम फेरीत पोचला, आणि समोर कोण? व्हिया क्लारा. निर्णायक सामन्यात बेस भरलेले असताना पेस्तानो बॅटिंगला आला आणि त्याने ग्रँड स्लॅम मारला. एका फटक्यात चार रन. व्हिया क्लाराने १९९५ नंतर पहिल्यांदा विजेतेपद उचललं, ते आपल्याच जुन्या नायकाच्या डोळ्यांदेखत. असा प्रसंग नाटकात घातला असता तर ‘फारच जमवून आणलंय’ म्हणून प्रेक्षक हसले असते.

मेसाचा दोष मला स्पष्ट दिसतो. त्याला थांबता येत नाही. जिथे बॅटरला मोकळं सोडायचं तिथे तो बंटची खूण करतो, जिथे पिचरला श्वास घेऊ द्यायचा तिथे तो धावत मैदानात जातो. पडलेल्या संघाला हे टॉनिक ठरतं. पण हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा सगळे आधीच ताणलेले असतात, तेव्हा तोच ताण नडतो. हे माझं मत. पटलंच पाहिजे असं नाही.

पाचेको नेमका उलट. जन्म १९६४, सांतियागोजवळच्या पाल्मा सोरियानोचा, सेकंड बेसवर खेळणारा. बार्सिलोनात मेसाचा साथीदार, पुढे १९९६ ला अटलांटात पुन्हा सुवर्ण, २००० ला सिडनीत रौप्य. नॅशनल सिरीजमध्ये २३५६ हिट्स. लोक त्याला ‘कॅप्टनांचा कॅप्टन’ म्हणत. मॅनेजर म्हणून सांतियागो दे कुबाला त्याने २००५, २००७ आणि २००८ अशी तीन विजेतेपदं दिली. पण पत्ते बघा: याच संघाने त्याच्याआधी १९९९ ते २००१ अशी सलग तीन वर्षं हिजिनियो वेलेसच्या हाताखाली जिंकली होती. पाचेकोला घर बांधायचं नव्हतं, बांधलेलं सांभाळायचं होतं. हे काम सोपं असतं असं मात्र मी म्हणणार नाही. मोठमोठे बॅटर एका खोलीत ठेवून त्यांच्यात भांडण न होऊ देणं, यालाही अक्कल लागते.

त्याची खरी परीक्षा राष्ट्रीय संघाचा मॅनेजर म्हणून २३ ऑगस्ट २००८ ला झाली. बीजिंग ऑलिंपिकची अंतिम फेरी, समोर दक्षिण कोरिया, क्युबा ३-२ ने मागे, शेवटची इनिंग. ऑलिव्हेराने हिट मारून बेस गाठला. पुढचा बॅटर मिशेल एन्रिकेस, ज्याने पहिल्याच इनिंगमध्ये होमरन मारला होता. त्याने काय केलं? बंट. बॅट आडवी धरून चेंडू पुढ्यात टाकला, स्वतः बाद झाला आणि पुढच्याला एक बेस सरकवलं. मग दोन बॅटरना वॉक (चार खराब चेंडूंबद्दल फुकटचा फर्स्ट बेस) मिळाला आणि बेस भरले. चेंडूंवरून पंचांशी वाद घातला म्हणून कोरियाच्या कॅचरला मैदानाबाहेर काढलं. कोरियाने पिचरही बदलला. तीनपैकी एकच बाद, बॅटिंगला युलिएस्की गुर्रिएल. त्याचा चेंडू जमिनीवरून सरळ शॉर्टस्टॉपकडे (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) गेला, तिथून सेकंड बेस, तिथून फर्स्ट बेस. डबल प्ले, म्हणजे एकाच चेंडूवर दोघे बाद. सामना खल्लास, रौप्य.

तो बंट चूक होता का, यावर अजून वाद घालता येतो. हवानाच्या पार्के सेंत्रालमध्ये ‘एस्किना कालिएंते’ म्हणजे ‘गरम कोपरा’ नावाची एक जागा आहे, तिथे माणसं दिवसभर उभ्याने बेसबॉलवर भांडतात, त्यांना असला विषय जन्मभर पुरेल. माझ्या मते पाठ्यपुस्तकाप्रमाणे तो बरोबर होता, आणि पाचेको पाठ्यपुस्तकाबाहेर जाणारा माणूस नव्हता. पुढे तो देश सोडून अमेरिकेत गेला आणि यांकीज या न्यूयॉर्कच्या व्यावसायिक क्लबच्या खालच्या फळीतल्या संघांत कोच झाला. त्याच्या स्वभावाला ते काम शोभतं.

आंग्लादाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याच्या कारकिर्दीत मैदानापेक्षा मैदानाबाहेरचंच जास्त आहे. १९५३ चा, हवानाचा, तोही सेकंड बेसवरचा, डोळ्यांना सुखावणारा खेळाडू. १९८२ मध्ये निकाल ठरवून खेळण्याच्या प्रकरणात त्याच्यावर बंदी आली. त्याने आरोप कायम नाकारला. ऐन उमेदीची वर्षं गेली. दोन दशकांनी हाच माणूस इंदुस्त्रियालेसचा मॅनेजर म्हणून परत आला आणि २००३, २००४, २००६ अशी तीन विजेतेपदं घेऊन गेला. पहिली दोन मेसाला हरवून, तिसरं पाचेकोच्या सांतियागोला हरवून. पुढच्या वर्षी सांतियागोने त्याची परतफेड केली. २००७ च्या पॅन अमेरिकन स्पर्धेत राष्ट्रीय संघाला त्याने सुवर्ण मिळवून दिलं; २०१९ ला लिमामध्ये तीच स्पर्धा, तोच मॅनेजर, आणि पदक नाही. मधल्या काळात चांगले खेळाडू एकामागून एक देश सोडून गेले होते. पत्ते बदलले की काय होतं, याचं याहून सरळ उदाहरण नाही.

आता निवड. तुम्ही स्वतः कुठल्या शाळेच्या, क्लबच्या संघाला शिकवत असाल आणि मुलं मुळातच चांगली असतील, तर पाचेको बघा. कमी बोलून काम कसं करून घ्यावं हे त्याच्याकडून घेण्यासारखं. संघ मरगळलेला असेल तर मेसा, पण दोन हंगामांपुरताच. तिसऱ्या वर्षी मुलं कंटाळतील. खेळापेक्षा देशाचं राजकारण, शिक्षा आणि माफी यांत रस असेल तर आंग्लादा, त्यात दुमत नको.

आणि नुसतं प्रेक्षक म्हणून शिरायचं असेल तर मेसा. मी स्वतः पाचेकोपासून सुरुवात केली होती, आकडे चांगले म्हणून, आणि दोनच आठवड्यांत मेसाकडे सरकलो. कारण व्यवहाराचं आहे: मेसाच्या मागे गेलात की बाकीचे दोघे वाटेत भेटतातच. बार्सिलोनात पाचेको त्याच्या शेजारी उभा आहे, २००३ ला आंग्लादा समोर. देश सोडून जाणाऱ्या पिढीचा प्रश्नही त्याच्या घरातच येऊन बसतो, कारण त्याची दोन मुलं २०१८ मध्ये मायामी मार्लिन्स या अमेरिकी व्यावसायिक क्लबशी करार करून मोकळी झाली. उलट पाचेकोपासून निघालात तर मातान्सास कधी लागणारच नाही.

मातान्सासला विजेतेपद मिळालं, पण ते जानेवारी २०२० मध्ये. तेव्हा डगआउटमध्ये अर्मांदो फेरेर होता. मेसाने संघ सोडून तीन वर्षं होत आली होती.