वायफायवर भलतेच लोक: पासवर्ड बदलू, मॅक फिल्टर लावू, गेस्ट नेटवर्क करू की नवा राउटरच घेऊ?

इंदूरला सुदामा नगर, लोकमान्य नगर, रामबाग या भागांत भिंतीला भिंत लागून घरं, वरच्या मजल्यावर एक-दोन खोल्या भाड्याने, त्यात भंवरकुआंला क्लासला जाणारी मुलं, आणि खाली आजी-आजोबा, टीव्ही, दोन कॅमेरे नि या सगळ्यांना मिळून एकच वायफाय. असं घर ज्यांचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. संध्याकाळी नेट रखडायला लागलं आणि राउटरच्या पानावर जोडलेल्या फोनांच्या यादीत अनोळखी नावं दिसली की चार लोक चार उपाय सांगतात. एक म्हणतो पासवर्ड बदल, दुसरा म्हणतो वायफायचं नाव लपव, जेल रोडचा दुकानदार म्हणतो डब्ल्यूपीए-३ (वायफायच्या सुरक्षेचा नवा प्रकार) वाला नवा राउटर घ्या साहेब, आणि कोणीतरी हुशार भाचा येऊन मॅक फिल्टर (यादीतल्याच फोनांना आत घेणारं सेटिंग) लावून जातो नि मग मावशीचा स्वतःचाच फोन जोडला जात नाही.

उपायांकडे जायच्या आधी ती अनोळखी नावं खरंच परकी आहेत का ते बघा. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन वायफायला आपला खरा मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाचा ओळख-क्रमांक) सहसा देतच नाही, प्रत्येक नेटवर्कसाठी एक बनवलेला पत्ता देतो, त्यामुळे यादीत कधी नुसते आकडे-अक्षरं दिसतात आणि निघतो तो सूनबाईंचाच फोन. घरातली एकेक वस्तू बंद करत यादी परत परत बघायची. शेवटी उरलं ते परकं.

आता हे परकं आत आलं कसं? दोनच रस्ते. एक तर कोणीतरी पासवर्ड फोडला, नाहीतर आपणच दिला. आपल्याकडे दुसरंच जास्त होतं, खोटं कशाला बोला. "भिया, वायफाय का पासवर्ड दे दो जरा, रिचार्ज खतम हो गया" म्हटलं की इंदूरचा माणूस नाही म्हणत नाही, गणपतीत आलेले सगळे पाहुणे जोडले जातात, आणि मागच्या वर्षीचा भाडेकरू शेजारच्या गल्लीत राहायला गेला तरी त्याचा फोन खिडकीखालून जाताना आपोआप जोडला जातोच. त्यात आता क्यूआर कोड आले. अँड्रॉइडवर तो कोड काढला की बऱ्याच फोनांत खाली पासवर्ड सरळ लिहून येतो, आणि नसला येत तरी कोडच्या आत तो साध्या अक्षरांतच असतो, म्हणजे स्क्रीनशॉट एका ग्रुपवर गेला की पासवर्ड सगळ्या ग्रुपला गेला. तर तुलना करताना माझा पहिला प्रश्न हाच राहील की हा उपाय दिलेली गोष्ट परत घ्यायला कामी येतो का, हॅकर वगैरे नंतर.

"जाऊ द्या हो, थोडं नेट वापरलं तर काय बिघडलं" असं वाटत असेल तर २००८ आठवा. अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळी जी धमकीची ईमेल गेली तिचा माग काढत पोलीस नवी मुंबईत एका परदेशी रहिवाशाच्या घरी पोचले, कारण ती त्याच्या उघड्या वायफायवरून पाठवली होती. इंटरनेटवर बाहेर जो आयपी पत्ता दिसतो तो कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याचा, चौकशीला उत्तरं त्यालाच द्यावी लागतात.

पहिला उपाय, लांब पासवर्ड आणि डब्ल्यूपीए-२, म्हणजे डब्ल्यूपीए-३ च्या आधीचा सुरक्षेचा प्रकार. फुकट आहे, आजच होतो, आणि लोक समजतात त्यापेक्षा खूप दमदार आहे. डब्ल्यूपीए-२ ला ८ ते ६३ अक्षरांचा पासवर्ड चालतो आणि आपण तिथे काय ठेवतो, तर मोबाइल नंबर. डब्ल्यूपीए-२ मध्ये फोन जोडला जाताना राउटरशी जी देवाणघेवाण होते ती बाहेरचा माणूस हवेतून पकडून घेऊन जाऊ शकतो आणि मग घरी बसून आरामात अंदाज लावत बसतो, तुमच्या राउटरला पत्ताही लागत नाही. भारतातले मोबाइल नंबर ६, ७, ८, ९ नेच सुरू होतात म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी शक्यता. हा आकडा मोठा वाटतो, पण गेमिंगच्या एका तगड्या ग्राफिक्स कार्डने सेकंदाला १० लाख अंदाज धरले तर तासाभरापेक्षा थोडं जास्त, बस. आणि शेजाऱ्याकडे तर तुमचा नंबर सेव्हच असतो, त्याला कार्डचीही गरज नाही.

त्याऐवजी एकमेकांशी काही संबंध नसलेले शब्द रोमनमध्ये जोडून लिहा, कढी-रिक्षा-पारिजात-सुतळी-घुबड असले. (हेच नका ठेवू.) दोन हजार शब्दांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून चार शब्द उचलले तर त्याच वेगाने सगळ्या शक्यता तपासायला सहा महिने लागतात, पाच उचलले तर हजार वर्षं. एक शब्द वाढवला नि फरक बघा. मात्र शब्द खरंच चिठ्ठीने निघाले पाहिजेत, आरतीची ओळ किंवा मुलाचं नाव अधिक जन्मसाल यांना हा हिशोब लागू नाही. आणि सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए-२ सोबत एईएस ही कुलपाची पद्धत निवडा, जुनी टीकेआयपी नको, आणि जुन्या राउटरवर डब्ल्यूईपी (डब्ल्यूपीएच्याही आधीचा प्रकार) दिसलं तर हातही लावू नका, ते २००१ मध्येच फुटलंय.

याची कमजोरी एकच, पण आपल्या घरात तीच नडते. पासवर्ड सगळ्यांना एकच, त्यामुळे एकाला काढायचं तर सगळ्यांचा बदलावा लागतो, टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर, आजोबांचा टॅब, सगळं परत जोडा. म्हणून कोणी बदलतच नाही.

दुसरा, डब्ल्यूपीए-३ वाला राउटर. याची घोषणा २०१८ ची, आणि जुलै २०२० पासून वायफाय सर्टिफाइड शिक्का हवा असलेल्या नव्या उपकरणांना तो सक्तीचा झाला, तेव्हा राउटर तीन-चार वर्षांतला असेल तर आधी सेटिंग उघडून बघा, असेलही आत. फायदा खरा आहे. वर सांगितलं तसं पकडून नेऊन घरी बसून अंदाज लावणं यात चालत नाही, प्रत्येक अंदाजाला तुमच्या राउटरशीच बोलावं लागतं, म्हणजे थोडा कच्चा पासवर्डसुद्धा बराच टिकतो. २०१९ मध्ये यातही काही फटी निघाल्या होत्या, त्या अपडेटने बुजवल्या गेल्या.

पण दुकानदार जे सांगत नाही ते असं. बरेच स्वस्त कॅमेरे, जुने प्रिंटर, जुने फोन डब्ल्यूपीए-३ वर जोडलेच जात नाहीत, मग तुम्ही मिश्र मोड (दोन्ही प्रकार एकत्र) लावता, आणि मिश्र मोडमध्ये जुनी उपकरणं डब्ल्यूपीए-२ नेच बोलतात, त्याच पासवर्डने, म्हणजे कच्चा पासवर्ड पुन्हा होता तितकाच उघडा. दुसरं म्हणजे फायबरवाल्याने दिलेला डबा तसाच चालू राहतो. नवा राउटर त्याला जोडला, छान नाव दिलं, भारी पासवर्ड दिला, आणि जुन्या डब्याचं वायफाय जुन्याच पासवर्डवर मागे सुरूच आहे, वरची मुलं मजेत. ते बंद केल्याशिवाय खर्च केलेले तीन-चार हजार पाण्यात. आणि सगळं नीट केलं तरी ज्याला तुम्हीच पासवर्ड सांगितला त्याला डब्ल्यूपीए-३ अडवत नाही.

मॅक फिल्टर आणि नाव लपवणं, हे दोन्ही एकदमच उरकतो. मॅक पत्ता हवेतून उघडाच जातो, ज्याला वायफाय फोडता येतं त्याला तो वाचून स्वतःच्या लॅपटॉपला लावणं अगदीच किरकोळ. आणि वर म्हटलं तसे आताचे फोन बनवलेला पत्ता देतात, त्यामुळे यादीत खरा पत्ता भरला की आपलाच माणूस बाहेर. ब्लॉक लिस्टचं तर विचारूच नका, वरच्या मुलाने एक सेटिंग बदललं की नवा पत्ता घेऊन परत आत. नाव लपवलं तर शेजारच्या काकूंना यादीत दिसणार नाही एवढंच, तुमचे फोन जोडले जाताना नाव बोलूनच दाखवतात, उलट असे फोन बाहेर बाजारातसुद्धा त्या नावाला हाका मारत फिरतात. दोन्हींत कष्ट आहेत, नफा जवळपास शून्य. भाच्याला चहा पाजा नि फिल्टर काढून घ्या.

आता गेस्ट नेटवर्क, आणि माझं मत सांगायचं तर भाडेकरू किंवा येणं-जाणं असलेल्या घरात हाच पहिला उपाय, बाकीचे याच्या मागून. त्याच राउटरवर दुसरं नाव, दुसरा पासवर्ड. घरच्यांचा पासवर्ड घरच्यांनाच, बाकी सगळ्यांना गेस्टचा, आणि भाडेकरू गेला किंवा गणपती उठले की फक्त गेस्टचा बदलायचा, टीव्ही-कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. काही राउटरांत गेस्टला वेगाची मर्यादा आणि वेळही लावता येते, मग संध्याकाळचं रखडणंही आटोक्यात येतं.

अडचणी आहेत. "गेस्टला घरच्या नेटवर्कमध्ये जाऊ द्या" अशा अर्थाची एक टिक असते, ती काढलेली आहे ना ते बघा, नाहीतर नाव वेगळं नि आतून सगळं एकच. फायबरवाल्यांच्या डब्यांत बरेचदा गेस्ट असं लिहिलेलं नसतं, दुसरं एसएसआयडी (म्हणजे वायफायचं नाव) सुरू करून आयसोलेशनची, म्हणजे वेगळं ठेवायची टिक लावावी लागते, आणि काहींत ते पान बंदच करून ठेवलेलं असतं. तिथे मात्र नवा राउटर घेण्यात अर्थ आहे, डब्ल्यूपीए-३ साठी नाही, गेस्टसाठी. शिवाय गेस्टवरच्या फोनवरून हॉलमधल्या टीव्हीवर व्हिडिओ टाकता येत नाही, प्रिंटरही सापडत नाही, म्हणजे सुट्टीत आलेली भाचरं कुरकुरणार. कॅमेरे थेट मोबाइल ॲपवर बघत असाल तर ते गेस्टवर टाकलेले उत्तम, पण घरात रेकॉर्डरचा डबा असेल तर कॅमेरा नि डबा एकाच नेटवर्कवर पाहिजेत.

काहीही निवडा, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा. त्या आठ आकडी पिनमध्ये शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा आणि राउटर पिन दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे एक कोटीऐवजी ११,००० अंदाजांतच ती सापडते, हे २०११ च्या डिसेंबरात उघड झालं तरी बटण अजून येतंच. पाच शब्दांचा पासवर्ड ठेवून हे चालू ठेवलं तर सगळी मेहनत वाया. राउटरच्या पानाचा ॲडमिन पासवर्डही बदला, नाहीतर आत आलेला मुलगा तुमचंच गेस्ट बंद करून ठेवेल. आणि अपडेट राउटरचे तसे फोनचेही, कारण २०१७ मध्ये बेल्जियमच्या मॅथी व्हॅनहूफने डब्ल्यूपीए-२ मधली जी मोठी फट दाखवली ती मुख्यतः फोन-लॅपटॉपच्या बाजूने बुजवायची होती.

मग घ्यायचं काय? दोघंच राहता, येणारं-जाणारं कोणी नाही, तर पाच शब्दांचा पासवर्ड, डब्ल्यूपीएस बंद, काम संपलं, पैसे ठेवा खिशात. वर भाडेकरू आहेत तर गेस्ट, आणि डब्यात ते नसेल तरच नवा राउटर. भाड्यातच नेट देत असाल तर तेही नको, त्यांना त्यांच्या नावावर वेगळं कनेक्शन घ्यायला सांगा, महिन्याला चारशे-पाचशेत येतं, चौघांनी वाटून घेतलं तर काहीच नाही, आणि त्यांच्या वापराचं उत्तर त्यांचं ते देतील. घरातून ऑफिसचं काम करता नि राउटर बदलायला झालाच आहे, तर डब्ल्यूपीए-३ वाला घ्या, जुनी उपकरणं गेस्टवर डब्ल्यूपीए-२ ने ठेवा आणि घरचं नेटवर्क निव्वळ डब्ल्यूपीए-३ वर. पण आधी त्या मॉडेलमध्ये दोन्ही नावांना वेगळी सुरक्षा लावता येते का ते दुकानातच विचारा, सगळ्यांत येत नाही.

बदलाच्या दिवसाची एक युक्ती. घरच्या नेटवर्कला नवं नाव नि नवा पासवर्ड द्या आणि जुनं नाव, जुना पासवर्ड तसाच्या तसा गेस्टला देऊन टाका. सगळ्या जुन्या वस्तू, पाहुणे, फुकटे, आपोआप गेस्टवर जाऊन पडतात, घरात कोणी ओरडत नाही, आणि तुम्ही आठवडाभर सवडीने आपल्या वस्तू एकेक करून नव्यावर आणता. कॅमेरा आणायला उगीच वेळ लागतो, बरेच कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झच ओळखतात, तेव्हा राउटरचं ५ गिगाहर्ट्झवालं वायफाय तेवढ्यापुरतं बंद करून जोडा. सगळं आलं की गेस्टचा पासवर्ड बदलायचा. त्या संध्याकाळी जो दारावर येऊन विचारेल "अंकल, नेट बंद है क्या?", तो यादीतला कोण होता ते कळेलच.