फिम मोजपट्टी: नेमकी आहे, पण नियम पाठ हवेत

पक्षाघातानंतर रुग्ण स्वतःचं किती करतो हे मोजायला फिमइतकं (फंक्शनल इंडिपेन्डन्स मेझर, म्हणजे रोजच्या कामांतलं स्वावलंबन मोजणारी गुणपट्टी) बारीक साधन क्वचितच सापडेल. १८ बाबी, प्रत्येकीला १ (पूर्ण परावलंबी) ते ७ (पूर्ण स्वावलंबी), एकूण १८ ते १२६ गुण.

कस लागतो मधल्या आकड्यांवर. पलंगावरून व्हीलचेअरवर जाताना कोपराला नुसता हात लावावा लागला तर ४. हात न लावता शेजारी उभं राहावं लागलं तर ५. माणूस नको, पण सरकायची फळी लागली, तर ६. दोन माणसं लागली की थेट १, रुग्णाने कितीही जोर लावलेला असो.

घोळ होतो तो इथे: फिजिओथेरपिस्ट व्यायामाच्या वेळी जमलेलं लिहितात, रात्रपाळीच्या सिस्टरना वेगळंच दिसतं. रुग्ण रोज प्रत्यक्ष करतो तेच मोजायचं, आणि फरक पडला तर कमी गुण धरायचा. हे पाळलं नाही तर सुधारणा कागदावरच दिसते.

हालचालीच्या १३ आणि आकलनाच्या ५ बाबींची बेरीज वेगळी ठेवा. एकूण गुण नुसते ८० म्हटल्यावरून काहीच कळत नाही. फिमचा परवाना, प्रशिक्षण झेपत नसेल तर रोजची कामं मोजणारंच दुसरं साधन, १० बाबींचा बार्थेल निर्देशांक घ्या. सोपा आहे, पण छोटी प्रगती त्यातून निसटते.